खेळ मोडून दाखवणारी माणसं

‘सिव्हिलायझेशन ७’ या डावपेचांच्या संगणकीय खेळात एकच संस्कृती घेऊन पहिल्या टर्नपासून शेवटच्या टर्नपर्यंत खेळता यावं, ही मागणी फिराक्सिस या निर्मात्या कंपनीने अखेर मनावर घेतली. हा बदल आधी निवडक खेळाडूंच्या हाती देऊन पारखून घ्यायचं कंपनीने ठरवलं आणि त्या उपक्रमाला ‘फीचर वर्कशॉप’ असं नाव दिलं. ११ फेब्रुवारी २०२५ला खेळ बाजारात आल्यापासून युग बदललं की संस्कृती बदलण्याच्या सक्तीवर किती रान उठलं, हे खेळणाऱ्यांना सांगायला नको. त्यामुळे या उपक्रमाचं स्वागतच आहे. तरीही एक गोष्ट खटकते. सगळ्या खेळाचा डोलारा ज्या कल्पनेवर उभा आहे, तिच्याबद्दल बाहेरच्या खेळाडूंना इतक्या खुलेपणाने विचारायची वेळ विक्रीनंतरची नसते. ती विक्रीच्या दीड-दोन वर्षं आधीची असते. आणि हे याच कंपनीने पूर्वी करून दाखवलेलं आहे.

ते कसं, हे बघायला सोरेन जॉन्सन या माणसाकडे जावं लागतं. ‘सिव्हिलायझेशन ३’ची कृत्रिम बुद्धी त्याने लिहिली आणि २००५च्या ‘सिव्हिलायझेशन ४’चा तो मुख्य रचनाकार होता. २००२मध्ये आलेल्या ‘प्ले द वर्ल्ड’ या विस्ताराने तिसऱ्या भागात मल्टिप्लेअर आणलं खरं, पण ते इतक्या कच्च्या अवस्थेत आलं की चाहते संतापले. चौथ्या भागाच्या वेळी जॉन्सनने क्रमच उलटा केला. आधी मल्टिप्लेअर, मग संगणकाचा प्रतिस्पर्धी. कारण साधं होतं. माणसाविरुद्ध माणूस बसला की खेळातली पळवाट पहिल्याच आठवड्यात उघडी पडते. ढिसाळ संगणकाविरुद्ध ती वर्षभर लपून राहू शकते. चित्रं, आवाज, सजावट यांचा पत्ता नसताना नियम खेळता येतील एवढं प्रारूप त्याने उभं केलं. पुढे चाहत्यांमधले जाणते खेळाडू गुप्ततेचा करार करून आत घेतले गेले. या खासगी गटाला ‘फ्रँकेन्स्टाइन’ म्हणत. पगार नाही, सक्ती नाही. रात्री घरी खेळायचं आणि काय बिनसलं ते लिहून पाठवायचं.

त्यांच्यासारख्या खेळाडूंच्या अनुभवातून काय बदलू शकतं, याचं एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. जुन्या भागांत एक युक्ती सर्रास चाले. चार घरं सोडून एक शहर, मग पुन्हा चार घरं सोडून एक, असं नकाशा भरेपर्यंत वसवत सुटायचं. शहरं खुरटी राहिली तरी चालतील, पण संख्येच्या जोरावर जिंकायचं. तिसऱ्या भागात याला लगाम म्हणून भ्रष्टाचाराचा नियम होता: राजधानीपासून लांबचं शहर जवळजवळ काहीच उत्पन्न देत नसे. कागदावर उपाय चोख. खेळणाऱ्याच्या वाट्याला मात्र चीड यायची, कारण कष्टाने वसवलेलं शहर कायमचं निकामी व्हायचं आणि तरी जास्त शहरं वसवणाराच पुढे जायचा. चौथ्या भागात हा नियम काढून त्याजागी देखभालखर्च आला. शहर वसवा, ते पूर्ण क्षमतेने चालेल. पण प्रत्येक नवं शहर तिजोरीवर भार टाकेल आणि घाई केलीत तर खजिना रिकामा होईल. लगाम तोच, पण ‘माझं शहर वाया गेलं’ याऐवजी ‘आत्ता परवडेल का?’ असा प्रश्न खेळाडूसमोर येऊ लागला. असा फरक नुसत्या कोष्टकात दिसत नाही. तो खेळून, वैतागून, पुन्हा खेळून कळतो.

खेळाडू मिळेल त्या मार्गाने जिंकण्याचा हिशेब मांडणारच, मग त्यात खेळाची मजा गेली तरी बेहत्तर, हे जॉन्सन वर्षानुवर्षं सांगत आला आहे. मला त्याचं म्हणणं शंभर टक्के पटतं. म्हणून रचनाकाराला असे हिशेबी लोक शेजारी हवेत, आणि तेही लवकर.

डावपेचांच्या खेळात स्वयंसेवकांची गरज इतर खेळांपेक्षा जास्त का, त्यालाही कारण आहे. गोळीबाराच्या खेळात भिंतीतून आरपार जाता आलं तर पगारी टेस्टरला ते तासाभरात सापडतं. ‘सिव्हिलायझेशन’सारख्या खेळाचा अडीचशेवा टर्न गाठायला मात्र दहा-बारा तास सहज जातात. त्यातच विकास चालू असताना नवं बिल्ड, म्हणजे नवी आवृत्ती, आलं की जुन्या सेव्ह फाइल बऱ्याचदा निरुपयोगी ठरतात. पुन्हा पहिल्या टर्नपासून सुरुवात. परिणामी सुरुवातीचे पन्नास टर्न घासूनपुसून लख्ख होतात आणि शेवटचे शंभर तसेच राहतात. उत्तरार्ध रटाळ होतो ही या जातीच्या खेळांबद्दलची जुनी तक्रार आहे, आणि तिचं एक मूळ इथे आहे असं मला वाटतं. तिथवर चिकाटीने पोचणारी माणसं कामाच्या तासांत मिळत नाहीत. ती आवडीनेच मिळतात.

अर्थात आवड असली की भागलं, असंही नाही. ‘घोडदळ फार ताकदवान आहे’ हा शेरा झाला, अहवाल नव्हे. कितवा टर्न, कोणता नकाशा, कोणती पातळी, त्याआधी काय केलं, पुन्हा तसंच केलं तर तेच घडतं का आणि सोबत सेव्ह फाइल, एवढं असेल तर प्रोग्रामर तोच क्षण आपल्या पडद्यावर उघडून बघू शकतो. चांगला स्वयंसेवक हे शिकतो, आणि ते शिकवायला कंपनीकडे एखादा तरी माणूस पूर्णवेळ लागतो. तो खर्च वाचवणाऱ्या कंपनीला फुकटची चाचणीही महागात पडते.

शिवाय अनुभवी खेळाडूंचा एक मोठा दोष असतो: ते नवखे नसतात. ‘सिव्हिलायझेशन’चा जनक सिड मायर याने २०१०च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितलेला अनुभव इथे फार मोलाचा आहे. लढाईत बळ तीनास एक असेल तर गणिताप्रमाणे चारांतली एक लढाई बलवानाने हरायला हवी. चाचणीला बसलेल्या खेळाडूंना ते मुळीच मान्य नव्हतं. तीन म्हणजे एकापेक्षा कितीतरी मोठे, मग मी हरलोच कसा? तेच स्वतः एकाच्या बाजूला असताना जिंकले तर तक्रार नाही. दोनास एकमध्ये कधीमधी हरणं चालायचं, पण वीसास दहामध्ये चालायचं नाही, गुणोत्तर तेच असूनही. मायरने खेळाडूंना संभाव्यता शिकवत न बसता गणित त्यांच्या अपेक्षेकडे वळवलं. पंधरा वर्षं मुरलेला खेळाडू हा अहवाल कधीच देणार नाही, कारण त्याने हे गणित केव्हाच पचवलेलं असतं. म्हणून प्रत्येक टप्प्यावर पूर्वी कधी न खेळलेली थोडी माणसं लागतात, आणि एकदा खेळली की ती नवखी राहत नाहीत.

आता पैशाचा प्रश्न. स्वयंसेवकाला सहसा खेळाची प्रत आणि श्रेयनामावलीत नाव मिळतं. छंद म्हणून हे ठीक, पण पगारी टेस्टरची जागा भरायला त्याला वापरणं ठीक नाही. फिराक्सिसमध्ये सप्टेंबर २०२५मध्ये नोकरकपात झाली आणि त्यानंतर काही काळातच खेळाडूंना चाचणीसाठी साद गेली. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध आहे असा माझा दावा नाही. पण या उद्योगातला टेस्टर मुळातच उतरंडीच्या तळाशी आहे. खेळ बनवणाऱ्या रेव्हन सॉफ्टवेअरच्या टेस्टरनी २०२२मध्ये आणि झेनिमॅक्सच्या टेस्टरनी २०२३च्या सुरुवातीला युनियन केली ती उगाच नाही. अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट कंपनीच्या स्वयंसेवकांनी तर ‘आम्ही केलं ते कामच होतं’ म्हणत कोर्ट गाठलं आणि २०१०मध्ये कंपनीने दीड कोटी डॉलर देऊन तो दावा मिटवला. ज्या स्वयंसेवकाला तासांचा कोटा आणि मुदत दिली जाते, त्याला पैसे द्यायलाच हवेत.

चाहत्यांना नुसतं चुका शोधण्यापुरतं ठेवणंही अन्यायाचं आहे. सायबर कॅफेत ‘एज ऑफ एम्पायर्स २’ खेळत वाढलेल्या आपल्या पिढीने लक्षात घ्यावं की १९९९च्या मूळ खेळात भारतीय नव्हतेच. ते आणले ‘फरगॉटन एम्पायर्स’ या चाहत्यांच्या मॉडने, म्हणजे चाहत्यांनी स्वतः केलेल्या फेरबदलाने. मग २०१३मध्ये त्याच मंडळींना हाताशी धरून अधिकृत विस्तार निघाला. २०२२च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’मध्ये त्या एका ‘भारतीय’ गटातून हिंदुस्थानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे वेगळे गट झाले. ‘सिव्हिलायझेशन ५’चा मुख्य रचनाकार जॉन शेफर हाही मॉड करता करताच फिराक्सिसमध्ये शिरलेला विशीतला मुलगा होता.

म्हणून ‘फीचर वर्कशॉप’सारख्या चाचणीत मराठी खेळाडूंनीही घुसावं, असं मला मनापासून वाटतं. सातव्या भागाच्या मूळ खेळात भारताची वाट मौर्य, मग चोळ, मग मुघल अशी जाते. आधुनिक युगाच्या पटावर मुघल आहेत, मराठे नाहीत. ‘एम्पायर: टोटल वॉर’ने २००९मध्येच मराठ्यांना खेळता येईल असं राज्य दिलं होतं. एकच संस्कृती शेवटपर्यंत न्यायची म्हटलं तर चोळांच्या आरमाराला वाफेच्या जहाजांच्या काळात काय द्यायचं आणि मौर्यांच्या राज्यकारभाराचा लाभ कारखान्यांच्या युगात कसा उतरवायचा, हे अशा चाचण्यांतूनच ठरतं. अडीचशेव्या टर्नपर्यंत चोळ घेऊन जा, सेव्ह फाइल जपून ठेवा आणि कुठे कंटाळा आला तो टर्न लिहून कळवा.