पंढरपूर सोलापुरात कधी आलं?

सोलापूरचा माणूस परमुलखात स्वतःची ओळख सांगताना पंढरपूरचं नाव घेतोच. चंद्रभागा, विठोबा, आषाढी हे सगळं आपल्या जिल्ह्यातलं, असं आपण जन्मापासून धरून चालतो. जिल्ह्याचा जन्मदाखला पाहायला बसलो तेव्हा मात्र मी थबकलो. १८३८ मध्ये इंग्रजांनी सोलापूर हा अहमदनगरच्या हाताखालचा उपजिल्हा केला, तेव्हा त्यात पंढरपूर नव्हतं. सांगोला, माळशिरस, मंगळवेढा, अक्कलकोट यांपैकीही काही नव्हतं. होतं ते बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा आणि त्यांच्या जोडीला इंडी, हिप्परगी, मुद्देबिहाळ. ही शेवटची तीन नावं आज कर्नाटकात आहेत.

शाळेच्या भिंतीवरचा नकाशा पाहून आपल्याला वाटतं, जिल्हा भीमा-सीनेइतकाच जुना असावा. प्रत्यक्षात इथला एकेक तालुका कुठल्या तरी गादीच्या पडझडीनंतर येऊन चिकटला आहे. कोण कधी आलं हे समजलं की कोणाचं राज्य कधी बुडालं तेही समजतं.

मुळात सोलापूरचं देणंघेणं जुनंच. १५२४ मध्ये विजापूरच्या इस्माईल आदिलशाहाची बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला हुंड्यात कबूल झाला. तो दिला गेला नाही, आणि त्यापायी दोन्ही घराणी पुढची चाळीस वर्षं झगडत राहिली. अखेर किल्ला विजापूरकडे राहिला तोही लग्नामुळेच. हुसेन निजामशाहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशाहाकडे गेली तेव्हा सोलापूर तिच्यासोबत गेलं. एकच किल्ला दोनदा हुंडा झाला. सिद्धेश्वर तळ्याकाठचे ते बुरूज पाहताना मला लढायांच्या आधी ही लग्नं आठवतात. पुढे मधल्या काळात ते हातचं गेलं, पण १६३६ च्या तहाने सोलापूर पुन्हा विजापूरकडे आलं आणि १६६८ मध्ये आदिलशाहीने ते औरंगजेबाला देऊन टाकलं.

जिल्ह्याची आजची आकृती मात्र १८१८ च्या एका दिवसावर उभी आहे. त्या फेब्रुवारीत याच जिल्ह्यातल्या आष्टीजवळ इंग्रजांशी लढताना पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले, दुसरा बाजीराव निसटला आणि त्याच्यासोबत फिरणारे साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती लागले. मे महिन्यात मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतला. इंग्रजांनी प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं आणि त्यांना जो मुलूख तोडून दिला त्यात पंढरपूर होतं. म्हणजे लढाई इथल्या मातीत झाली आणि तिच्यामुळेच इथलं पंढरपूर साताऱ्याचं झालं. १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून डलहौसीने साताऱ्याचं राज्य खालसा केलं. तरीही पंढरपूर लगेच सोलापूरकडे आलं नाही, ते सातारा जिल्ह्यात राहिलं. मधेच १८६४ मध्ये सोलापूर हा उपजिल्हाच मोडला गेला. १८७१ मध्ये जिल्हा नव्याने बांधला तेव्हा सोलापूर, बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा यांना साताऱ्याकडचे पंढरपूर आणि सांगोला जोडले. १८७५ मध्ये माळशिरस आलं. आपल्या जिल्ह्याचा विठोबाशी कागदोपत्री संबंध हा असा दीडशे वर्षांचा आहे.

परक्या सत्तेने गावांवर नव्या रेषा ओढण्याचा हा प्रकार जगभर झाला. डच लोकांनी अमेरिकेत वसवलेली गावं इंग्रजांनी १६६४ मध्ये घेतली आणि १६८३ मध्ये तिथे परगणे पाडले. त्यातल्या एकाला राजाच्या मानार्थ ‘किंग्ज’ नाव मिळालं. त्याच्या पोटातलं ब्रुकलिन हे नाव मात्र हॉलंडमधल्या ब्रूकेलेन गावाचं, ते तसंच टिकलं. हेच डच १६३७ मध्ये विजापूर दरबारी येऊन वेंगुर्ल्याच्या वखारीची परवानगी घेऊन गेले. त्या वेळी सोलापूर त्याच दरबाराच्या ताब्यात होतं. वेंगुर्ल्यातल्या वखारीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. पण डचांनी इथे व्यापार केला, जिल्हे पाडले नाहीत. ते काम इंग्रजांच्या वाट्याला गेलं.

कागदावर जोडलेला मुलूख माणसांच्या पायाखाली जोडायला रेल्वे लागली. पुण्याकडून येणारा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोचला होता आणि जिल्हा पुन्हा बांधला त्याच १८७१ मध्ये तो रायचूरला जाऊन मद्रासच्या मार्गाला भिडला. पण बार्शी बाजूलाच राहिली होती. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सुरू झाली आणि १९०६ मध्ये ती पंढरपूरपर्यंत गेली. बार्शीचा व्यापारी आणि पंढरीचा वारकरी एका डब्यात बसू लागले. माझ्या मते आपला जिल्हा खरा एक झाला तो या गाडीने.

उरलेले दोन तुकडे स्वातंत्र्यानंतर आले. मंगळवेढा पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होतं, अक्कलकोट भोसल्यांचं स्वतंत्र संस्थान होतं. १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली आणि दामाजीपंतांचं गाव व स्वामी समर्थांचं गाव दोन्ही सोलापूरची झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादवर निघालेल्या फौजेची मुख्य धडक सोलापूरहून नळदुर्गच्या दिशेने गेली. बार्शीच्या उत्तरेला आणि पूर्वेला तोवर निजामाची हद्द होती, ती नाहीशी झाली.

आणि तरी प्रश्न मिटला नाही, कारण भाषा रेषेला जुमानत नाही. १९६७ मध्ये महाजन आयोगाने म्हैसूर राज्याला देण्यासाठी जी २४७ गावं सुचवली त्यांत अक्कलकोट आणि सोलापूर भागातली गावं होती. शिफारस अंमलात आली नाही. मला या वादात कुठल्याही बाजूने त्वेषाने बोलता येत नाही. आमचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले कन्नड वचनकार. त्यांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज प्रदक्षिणा घालतात तेव्हा त्या मिरवणुकीत मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही कानावर पडतात. विणकामासाठी आलेल्या पद्मशाली घरांनी या गावाला तेलुगू दिली. सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेले चौघे म्हणजे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. ही चार नावं सलग वाचली की सोलापूर कोणत्या एका भाषेचं आहे हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. सीमेपलीकडची इंडी १८३८ मध्ये आमच्यातच होती. तिथे आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पिकणारी शाळू ज्वारी आजही सारखीच, आणि तव्यावरची भाकरीही.

दर आषाढीला ज्ञानोबांची पालखी सातारा जिल्हा ओलांडून धर्मपुरीला येते. तिथे हद्दीवर सोलापूर जिल्ह्याचे अधिकारी हार घेऊन उभे असतात, कारण पुढचा माळशिरस तालुका आता त्यांचा. तुकोबांची पालखी नीरा ओलांडून अकलूजला येते, तिथेही तसंच. पहिल्या दिंडीतल्या म्हाताऱ्या बायका हातातल्या तुळशी सांभाळत त्या हद्दीवरून पुढे जातात. मुक्काम अजून लांब असतो.