चढा, लोळा, लोंबकळा!

‘हात लावू नये’ ही पाटी इथे चालत नाही. कॅनडात स्थायिक झालेल्या जपानी कलावंत तोशिको होरिउची मॅकअ‍ॅडम यांच्या एका विणलेल्या कलाकृतीवर प्रदर्शनातच दोन मुलं चढली. जाळी झुलू लागली आणि बाईंना पुढची वाट सापडली. जपानमध्ये हाकोनेच्या खुल्या कलासंग्रहालयात त्यांचं भलंमोठं रंगीत जाळं २००९ पासून तेझुका आर्किटेक्ट्सच्या लाकडी मंडपात टांगलेलं आहे. विणकाम हातचं, क्रोशाचं. धागा मात्र नायलॉनचा. पोरांच्या दंग्यापुढे लोकर काय टिकणार! एकानं उडी मारली की ताण जाळीभर पसरतो, पलीकडचं पोर आपोआप डोलतं. मोठ्यांना वर चढायला मनाई. त्यांनी खाली उभं राहून हेवा करायचा.