माळावरचे पाणी

कोल्हापूर शहराच्या पूर्वेला, वस्ती विरळ होत गेली की जो माळ लागतो, त्यावर शिवाजी विद्यापीठ उभे आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. इतिहाससंशोधक डॉ. आप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरू. आवार ८५३ एकरांचे, पण जमीन मुरमाड. वर मातीचा पातळ थर, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. अशा माळावर पावसाळ्यात पाणी दिसते, धावते आणि निघून जाते. विद्यापीठाला पर्यावरणाचा पहिला धडा मिळाला तो पुस्तकातून नव्हे, तर या उतारावरून.

हिशेब सोपा आहे. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की सुमारे ४,०४७ लिटर पाणी होते. ८५३ एकरांवर ते साडेचौतीस लाख लिटरच्या घरात जाते. कोल्हापुरात वर्षाला ढोबळमानाने एक हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर आवारावर साधारण ३४५ कोटी लिटर पाणी पडते. यातले बरेचसे बाष्प होऊन उडते, काही झाडे पितात. पण उरलेल्याचा थोडा भाग जरी अडला, तरी हजारोंच्या वर्दळीला पुरेल. असे असूनही विद्यापीठ अनेक वर्षे शहराच्या नळावर अवलंबून होते आणि पाण्याचे बिल भरत होते. पुढे जुन्या विहिरी, आवारातले तलाव, शेततळी आणि बांधबंदिस्ती यांचा एकत्र विचार झाला, तेव्हा ही परिस्थिती पालटली.

माळावर पाणी मुरवण्याचे जुने आणि खात्रीचे साधन म्हणजे सलग समतल चर. इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची लाकडी चौकट आणि मधोमध ओळंबा एवढ्या सामग्रीवर उताराची समपातळी सापडते. त्या रेषेवर फक्कीच्या खुणा करून ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर खोदतात. निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला टाकतात आणि त्या बांधावर रोपे लावतात. रेषा वीतभर जरी चुकली, तरी चराचे पाट होतात आणि अडण्याऐवजी पाणी जोराने पळते. त्यामुळे श्रमदानात कुदळ मारणाऱ्यांपेक्षा ओळंब्याकडे बघणारा महत्त्वाचा असतो. अर्थात, छायाचित्रात तो क्वचितच येतो.

आवारातल्या या पाणीसाठ्याची किंमत ऑगस्ट २०१९ मध्ये कळली. पंचगंगा नदीला महापूर आला, उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि चहूबाजूंनी पाणी असलेल्या शहरात प्यायला पाणी नाही, अशी अवस्था झाली. विद्यापीठ उंचावर, त्यात साठा स्वतःचा. एकेकाळी शहराकडून पाणी घेणाऱ्या आवारातून त्या दिवसांत शहराला पाणी गेले.

साठा झाला म्हणजे काम संपले असे नाही. विद्यापीठातले विद्यार्थी दोन-तीन वर्षांनी बदलतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याला आवाराची ओळख होईपर्यंत निरोप समारंभ येतो. म्हणून टिकाऊपणाचा खरा भार माळी, पंप चालवणारे, सफाई कर्मचारी आणि वसतिगृहाचे अधीक्षक यांच्यावर पडतो. एका गळक्या नळातून सेकंदाला एक थेंब पडला, तरी दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी जाते. त्या नळाबद्दल कोणाला सांगायचे आणि वायसर कोण बदलणार, हे ठरलेले असले तर भिंतीवरच्या घोषवाक्यांची गरज उरत नाही. या कामाला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ परंपरेचा आधार आहे. या योजनेतले विद्यार्थी वसतिगृहात राहून रोज काही तास विद्यापीठाचे काम करतात. जो स्वतः आवार राखतो, त्याला ते परके वाटत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे याला हातभार लावतात, पण ती येतात आणि जातात.

कागदावरची व्यवस्थाही आली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पदवीच्या सर्व शाखांना पर्यावरण अभ्यास सक्तीचा झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगासाठी पुण्याच्या डॉ. इराच भरुचा यांनी त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले. उच्च शिक्षणसंस्थांना श्रेणी देणाऱ्या ‘नॅक’च्या मूल्यांकनात सौरऊर्जा, कचरा, पाणी आणि हरित लेखापरीक्षण यांनाही गुण मिळू लागले. याचा फायदा असा की निधी मागायला कारण मिळाले. तोटाही आहे. अनेक संस्थांत दरवर्षी ५ जूनला, जागतिक पर्यावरण दिनी, पाऊस नीट लागण्याआधीच, त्याच खड्ड्यात नवे रोप लागते.

शिवाय ‘हिरवे’ म्हणजे झाडेच, हा समज माळाला मारक आहे. इथेच शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे काम वेगळे ठरते. डॉ. श्रीरंग यादव यांच्या पुढाकाराने विभागाचे जे वनस्पतिउद्यान वाढले, त्याला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ‘लीड बोटॅनिक गार्डन’ म्हणून साहाय्य दिले. सह्याद्रीपुरत्याच मर्यादित असलेल्या दुर्मीळ वनस्पती तिथे जतन केल्या जातात. त्यांत सर्वांत देखणी म्हणजे कंदीलपुष्पे, काही भागांत ज्यांना खर्पुडी म्हणतात. वेल किंवा लहानसे झुडूप, आणि फूल कंदिलासारखे. आतल्या नळीत खाली वळलेले केस असतात. वासाला भुललेली चिलटे आत शिरतात आणि केसांमुळे परत फिरू शकत नाहीत. काही काळाने केस कोमेजले, की परागकणांच्या पिशव्या अंगाला चिकटवून ती सुटतात आणि दुसऱ्या फुलात अडकतात. या झाडांना दाट सावली सोसत नाही. गवताळ उतार, कडे आणि सडे हेच त्यांचे घर. कंद खाण्याजोगे असल्याने गुराखी ते खणून खातात, आणि या धोक्यात चराई व वणवे यांचीही भर पडते.

विभागाच्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाने काही जातींची रोपे तयार केली गेली आणि ती पुन्हा सह्याद्रीतल्या मूळ अधिवासात लावण्यात आली. उन्हाळ्यात या झाडाचा जमिनीवर मागमूस राहत नाही. कंद तेवढा मातीत पडून असतो. पहिल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांनी कोंब वर येतो, तेव्हाच कळते की लावलेले रोप जगले की नाही.