अठ्ठावीस तारकांचे गाणे

सप्टेंबर १९७८ मधील एका रात्री बीबीसीच्या ‘रेडिओ वन’वर जॉन पील या निवेदकाने जेमतेम अडीच मिनिटांचे एक गाणे लावले आणि ते संपताच पुन्हा तेच वाजवले. उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरातल्या ‘द अंडरटोन्स’ या तरुण बँडचे ‘टीनएज किक्स’ हे ते गाणे. नव्या तबकडीला एक ते पाच तारका देण्याची पील यांची पद्धत होती. हिला त्यांनी २८ दिल्या.

ही तबकडी काढली होती बेलफास्टमधील ‘गुड व्हायब्रेशन्स’ या दुकानाने, स्वतःच्या छोट्या लेबलवर. ‘इंडी’ हा शब्द ‘इंडिपेंडंट’वरून आला, तो अशा उद्योगांसाठीच. बड्या कंपन्यांच्या भांडवलाबाहेर निघालेले संगीत एवढाच त्याचा मूळ अर्थ. तो मालकीविषयी होता, चालीविषयी नव्हे. ब्रिटनमध्ये १९८० पासून स्वतंत्र कंपन्यांच्या विक्रीची वेगळी क्रमवारी निघू लागली. गिटारवर बेतलेली विशिष्ट शैली हा अर्थ त्याला नंतर चिकटला. अमेरिकेत महाविद्यालयीन नभोवाणीवर वाढलेल्या ‘अल्टरनेटिव्ह’ रॉकची गत आणखी गमतीची. निर्वाणा बँडचा १९९१ चा ‘नेव्हरमाइंड’ बड्या कंपनीने काढला, तो लाखोंनी खपला, तरी नाव ‘पर्यायी’च राहिले.

अशा बँडना पील यांच्या कार्यक्रमाचा आधार होता तो ‘पील सेशन्स’मुळे. वादक संघटना आणि तबकडी कंपन्यांशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला ठरावीक तासांपलीकडे तबकड्या वाजवता येत नसत. उरलेला वेळ भरायचा तर कलाकारांना स्टुडिओत बोलावणे भाग होते. या अडचणीतूनच संधी निघाली. बँडने एका दिवसात साधारण चार गाणी मुद्रित करायची आणि तंत्रज्ञांनी त्याच दिवशी त्यांचे मिश्रण पुरे करायचे. घासूनपुसून घ्यायला सवड नसल्याने त्या मुद्रणांत मैफलीचा ताजेपणा उतरे. १९६७ ते २००४ या काळात अशी ४,००० हून अधिक सत्रे झाली. करारही न मिळालेल्या बँडचे गाणे त्यातून देशभर पोहोचे.

पील यांचा सर्वांत लाडका बँड मात्र मँचेस्टरचा ‘द फॉल’. मार्क ई. स्मिथ हा त्याचा गायक. त्याच्याभोवतीचे वादक सतत बदलत. हा बँड नेहमी वेगळा असतो आणि नेहमी तोच असतो, असे पील म्हणत. त्याची २४ सत्रे झाली. हा पक्षपातच म्हणायचा; पण तो पील यांनी कधी लपवला नाही, आणि श्रोत्यांचा विश्वास बसला तो बहुधा त्यामुळेच.

श्रोत्यांच्या आवडीचा प्रश्न मात्र अवघड ठरला. बिनाका गीतमालेच्या पायदानांवर वाढलेल्या आपल्याकडील पिढीला ‘फेस्टिव्ह फिफ्टी’ सहज कळेल: श्रोत्यांच्या मतांवर ठरलेली, वर्षअखेरीस वाजवली जाणारी ५० गाण्यांची यादी. १९७६ मध्ये तिच्या शिखरावर लेड झेपेलिनचे ‘स्टेअरवे टू हेवन’ होते, तर १९७८ मध्ये सेक्स पिस्टल्सचे ‘अनार्की इन द यूके’. दोन वर्षांत श्रोते इतके बदलले होते. पुढे मात्र यादी गिटार बँडांपाशीच अडकली. पील स्वतः रेगे, झिम्बाब्वेचे भुंडू बॉईज, हिपहॉप, टेक्नो असे सारे वाजवत. मते पडत ती एकाच साच्यातील गाण्यांना. १९९१ ची यादी त्यांनी वैतागून प्रसारितच केली नाही. अखेर १९९३ मध्ये ती आठवड्याला एक गाणे अशी ऐकवली गेली. इतरांना नवे ऐकण्याची गोडी लावणाऱ्या माणसाला आपलेच श्रोते एका वळणावर थांबलेले पाहावे लागले.

२५ ऑक्टोबर २००४ रोजी पेरूमधील कुस्को येथे, ६५ व्या वर्षी, पील यांचे निधन झाले. घरातील तबकड्या हजारोंनी मोजाव्यात अशा. पण लाडक्या एकेरी तबकड्यांसाठी त्यांनी एक छोटी लाकडी पेटी वेगळी ठेवली होती. १४० च्या आसपास तबकड्या असलेल्या त्या पेटीत अमेरिकेतील डेट्रॉइटच्या ‘व्हाइट स्ट्राइप्स’ या तुलनेने नव्या बँडच्या दहाहून अधिक निघाल्या. ‘द फॉल’ची एकही नव्हती.