बोकडाची पैदासशक्ती आणि जस्ताचे सूक्ष्म कण

कर्जत व खालापूर तालुक्यांतील वाड्यांवर भातशेतीच्या जोडीला शेळ्या असतात, आणि बहुधा साऱ्या कळपामागे बोकड एकच. शेळ्या वारंवार उलटू लागल्या की दोष शेळ्यांना दिला जातो. बोकडाची तपासणी क्वचितच होते.

शुक्रजंतूंच्या घडणीस जस्त आवश्यक आहे. अंडरवुड व सोमर्स यांनी 1969 साली ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध केलेला मेंढ्यांवरील प्रयोग बोधप्रद आहे. खाद्यात दर किलोस सुमारे 17 मिलिग्रॅम जस्त असता कोकरांचे अंग भरले, परंतु वृषणांची वाढ अपुरी राहिली. 32 मिलिग्रॅमला ती नीट झाली. धष्टपुष्ट नर पैदाशीस योग्य असतोच असे नव्हे, ते यावरून दिसते.

हेच जस्त आता झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म, म्हणजे नॅनो, कणांच्या रूपातही तयार होते. नॅनोमीटर हा मीटरचा अब्जावा भाग. हे कण 100 नॅनोमीटरपेक्षा लहान असतात. वजन तेच, पण पृष्ठभाग कितीतरी अधिक; म्हणून ते शरीरात लवकर भिनतात. अल्प मात्रेत दिल्यास मेंढे व बोकड यांचे वीर्य सुधारल्याचे काही प्रयोगांत आढळले. उलट, मोठ्या मात्रा दिलेल्या उंदरांत शुक्रजंतूंची संख्या घटली, हालचाल मंदावली, विकृत जंतू वाढले. टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांनीही असेच घडल्याचे दिसले. उंदरांवरून बोकडाची मात्रा ठरविता येत नाही, हे मात्र खरे.

2021 साली बाजारात आलेल्या नॅनो युरियामुळे 'नॅनो' हा शब्द शेतकऱ्यांच्या परिचयाचा झाला. युरिया हा धातूचा ऑक्साइड नव्हे; नाव सारखे म्हणून गुण सारखे समजू नयेत. तसेच पिकावर फवारावयाचे जस्त, मग ते कोणत्याही रूपातील असो, जनावरांच्या आंबोणात कालवू नये व फवाऱ्याचे पिंप पाण्यासाठी वापरू नये. जनावरांसाठी तयार केलेले खनिज मिश्रण पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे.

बोकडाच्या शरीरात शुक्रजंतू घडण्यास सुमारे 7 आठवडे लागतात व पक्व होण्यास आणखी काही दिवस. त्यामुळे आज झालेली चूक पुष्कळदा दोन महिन्यांनी उघड होते, आणि तोवर मालकास ती आठवतही नाही. ग्रामकार्यकर्त्यांनी शेळ्या उलटल्याची तक्रार ऐकताना मागील दोन-अडीच महिन्यांत बोकडास काय चारले याची विचारपूस करावी व त्याचे वीर्य तपासून घ्यावे. दोष आढळल्यास खाद्य सुधारून तितक्याच अवधीने फेरतपासणी करावी. तोपर्यंत शेळ्या दुसऱ्या बोकडाकडे न्याव्यात.