उपवास सोपा करणारी गोळी चालते का?

धर्मशास्त्र आणि दवाखाना : भाग 6

योम किप्पूर हा ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस जवळ आला की इस्रायलमधल्या औषधांच्या दुकानांत उपवास सुसह्य करणाऱ्या गोळ्या दिसू लागतात. ब्रुकलिनमधल्या ज्यू वस्तीतही त्या मिळतात. उपवास सुरू होण्याआधी त्या घ्यायच्या असतात. काहींत हळूहळू विरघळणारे कॅफीन असते. त्यांच्यामागोमाग दरवर्षी एक प्रश्नही रब्बींकडे येतो आणि तो विचारणारे बहुधा श्रद्धाळूच असतात. देहाला क्लेश द्या असे ज्या दिवसाबद्दल तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ सांगतो, त्या दिवसाचे क्लेश गोळी घेऊन आधीच बोथट करून ठेवायचे, ही लबाडी नव्हे का?

आपल्याकडे उपवास म्हटले की साबुदाण्याची खिचडी डोळ्यांपुढे येते. हा उपवास मात्र कडकडीत, निर्जळी. आदल्या दिवशीच्या सूर्यास्ताआधी सुरू होतो आणि दुसऱ्या रात्री तारे दिसल्यावर सुटतो, म्हणजे सुमारे 25 तास. अन्न नाही, पाण्याचा घोट नाही. आंघोळ, अंगाला तेल लावणे, चामड्याचे जोडे आणि शरीरसंबंधही वर्ज्य. कोकणातले बेने इस्रायल ज्यू याला ‘दरफाळणीचा सण’ म्हणत आणि पांढरे कपडे घालून, दारे लावून घेऊन तो पाळत.

लबाडीच्या शंकेचे उत्तर तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या प्राचीन संग्रहात फार आधी देऊन ठेवले आहे. त्यातल्या ‘योमा’ या ग्रंथात चर्चा चालते ती अशी : क्लेश द्यायचे म्हणजे मुद्दाम उन्हात किंवा थंडीत जाऊन बसायचे का? निर्णय येतो की नाही. त्या दिवशी काम करायचे नाही हे जसे ‘न करण्याचे’ व्रत आहे, तसेच क्लेशही न करण्यातून यायचे. पाच गोष्टी सोडायच्या, बस. वेदना स्वतःहून शोधायची नाही. मला हा निर्णय साऱ्या विषयाचा कणा वाटतो. शास्त्राने त्या दिवसापुरते खाणेपिणे बंद केले आहे. डोके ठणकलेच पाहिजे असे कुठेही म्हटलेले नाही.

उलट आदल्या दिवशी पोटभर खाणेपिणे हे स्वतंत्र पुण्यकर्म आहे. नवमीला, म्हणजे आदल्या दिवशी, जो खातो-पितो, त्याने नवमी आणि दशमी दोन्ही दिवस उपवास केल्यासारखे आहे, असे तालमूद म्हणते, आणि अकराव्या शतकातला भाष्यकार राशी त्यामागे उपवासाची तयारी पाहतो. आदल्या दिवशीचे भरपेट जेवण उपवास जड करते, असे मानणारेही भाष्यकार आहेत. पण तयारीच्या बाजूने गेले की आदल्या संध्याकाळी गिळलेली गोळी त्या जेवणाच्याच पंक्तीला बसते. अलीकडच्या बहुतेक धर्मनिर्णयकारांनी तिला मोकळीक दिली आहे.

डोकेदुखीची तक्रार खरी आहे. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांची पाहणी केली (ती 1995 साली प्रसिद्ध झाली), तेव्हा उपवास करणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांचे डोके दुखले. न करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 7 टक्के होते. वैद्यकाच्या नियतकालिकांत ‘योम किप्पूर डोकेदुखी’ हे नाव रूढ झाले. कॉफीची सवय हे एक कारण : शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत डोके धरू लागते, आणि उपवासाचा उत्तरार्ध नेमका त्याच वेळेत येतो. म्हणून आठवडाभर आधीपासून कप कमी करत जा, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला सल्ला. पण कॉफी न पिणाऱ्यांचेही डोके दुखते. ते निव्वळ उपाशी राहण्याचे असते.

उपवासाच्या तोंडावर एकच गोळी घेऊन ही डोकेदुखी टाळता येते का, याचेही प्रयोग झाले. त्यातला एक रोफेकॉक्सिब या औषधावर होता आणि त्याचा निकाल चांगला आला. हेच औषध सप्टेंबर 2004 मध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे जगभरच्या बाजारातून काढून घ्यावे लागले. पुढे त्याच गटातल्या एटोरिकॉक्सिबवर प्रयोग झाले. ते आपल्याकडे मिळते. ज्याला रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्याने असली वेदनाशामके डॉक्टरांना न विचारता घेऊन 25 तास पाण्याविना राहणे धोक्याचे आहे. धर्माने परवानगी दिली म्हणून मूत्रपिंड ऐकत नाही.

गोळीचा प्रश्न निरोगी माणसाचा झाला. शास्त्राची खरी परीक्षा आजाऱ्याच्या खाटेपाशी होते. जिवाला धोका असेल तर खाणे हे कर्तव्यच आहे, सवलत नव्हे. धोका थोडे थोडे खाऊन टळत असेल, तर मापाने खायचे. शिक्षेस पात्र ठरणारे खाणे म्हणजे मोठ्या खजुराएवढे आणि पिणे म्हणजे एक गाल भरेल इतके. त्याच्या आतले ‘शिऊर’, म्हणजे माप, ठराविक अंतराने घ्यायचे. आज प्रचलित हिशेब असा : सुमारे 30 मिलिलीटर मावेल इतके अन्न, 40 मिलिलीटरच्या आत पेय आणि मध्ये नऊ मिनिटे. गालाचे माप प्रत्येकाचे वेगळे. म्हणून आदल्या दिवशी पाण्याने गाल भरायचा, ते पाणी पेल्यात थुंकायचे आणि त्या पातळीच्या खाली खूण करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी खाटेशेजारी तो पेला, घड्याळ आणि एखादा नातेवाईक. एवढ्याने भागत नसेल तर माप सोडून द्यायचे आणि नेहमीसारखे खायचे.

मग कोणी चतुराईने विचारतो : सलाईन घशातून जात नाही, म्हणून ते खाणे ठरत नाही; तर आजाऱ्याने आदल्या दिवशीच सलाईन लावून उपवास का राखू नये? न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी स्पष्ट सांगितले की तशी गरज नाही. दुखणाइताला उपवास नाही म्हणजे नाही. उपचारासाठी सलाईन आधीच लावलेले असेल तर गोष्ट वेगळी, पण केवळ उपवास टिकवायला शीर टोचून घेऊ नये. हा निर्णय वाचताना मला त्यात मोठी माया दिसते.

खायचे की नाही हे कोणाच्या शब्दावर ठरवायचे, याचाही नियम आहे. आजाऱ्याने ‘मला खायलाच हवे’ म्हटले आणि शंभर वैद्यांनी ‘गरज नाही’ म्हटले, तरी आजाऱ्याचे ऐकायचे. उलट तो ‘नको’ म्हणाला आणि वैद्य ‘हवे’ म्हणाला, तर वैद्याचे. आजारात माणसाचे भान हरपलेले असू शकते. या दुसऱ्या नियमाची गरज आजही पडते. लिथियम घेणाऱ्या मनोरुग्णाच्या शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातली लिथियमची पातळी धोकादायक वाढू शकते. खाण्याच्या विकाराशी झगडणाऱ्या मुलीला हा उपवास पुन्हा त्या विकाराकडे ओढू शकतो. ही माणसे ‘मला काही झालेले नाही’ असे शपथेवर सांगतात. कळकळीने विचार करणारा रब्बी त्यांना डॉक्टरांकडे पाठवतो आणि डॉक्टरांच्या शब्दावर जेवायला लावतो.

1848 साली विल्ना शहरात कॉलऱ्याची साथ होती, तेव्हा रब्बी इस्रायल सलांतर यांनी लोकांना योम किप्पूरला खायला सांगितले. सभास्थानात सर्वांसमोर ते स्वतः खाल्ले, असेही सांगतात. त्याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. लोकांनी खावे असे त्यांनी बजावले, यावर मात्र वाद नाही.

खाल्ल्यावर पुढे काय? सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी रचलेल्या ‘शुल्खान आरुख’ या संहितेत त्याचे उत्तर आहे. ज्या आजाऱ्याला योम किप्पूरला जेवावे लागले, त्याने जेवणानंतरच्या उपकारस्तुतीत सणाच्या दिवशी घालतात ते वचन घालावे आणि त्यात योम किप्पूरचे नाव घ्यावे.

पुढील आठवड्यात : शब्बाथ आणि रुग्णालयाची लिफ्ट