पावसाचा आकडा आणि वस्तीची जोखीम

26 जुलै 2005 च्या सकाळी साडेआठपासून पुढच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच अवधीत सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याच्या वेधशाळेत पाऊणशे मिलिमीटरही भरला नाही. एकाच शहराच्या दोन दप्तरांतील ही तफावत पाहिली, म्हणजे सबंध मुंबईचा धोका एका सरासरीत बसविण्याचा खटाटोप किती व्यर्थ आहे हे निराळे सांगावे लागत नाही.

परंतु पावसाचा आकडा म्हणजे जोखीम नव्हे. संकटाची तीव्रता, त्याच्या वाटेत येणारी माणसे व मालमत्ता, आणि त्या माणसांची सोसण्याची व सावरण्याची शक्ती, या तिन्हींचा एकत्र विचार केल्यावाचून जोखमीचा अंदाज पुरा होत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी; या हिशेबाने दहा बाय दहा फुटांच्या एका खोलीच्या छपरावर त्या दिवशी पावणेनऊ हजार लिटर पाणी कोसळले. तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला ते खिडकीतून पाहता आले. वाकोला नाल्याच्या काठावरील झोपडीत मात्र धान्याचा डबा, मुलांची दप्तरे आणि रेशनकार्ड यांसकट सारा संसार त्याखाली गेला.

एवढे पाणी जाणार कोठे? शहराची जुनी पर्जन्यजलवाहिनी ताशी 25 मिलिमीटर पाऊस, आणि तोही ओहोटीच्या वेळी, वाहून नेण्याच्या बेताने आखलेली होती. पाऊस दिवसभर समप्रमाणात पडला असता तरीही तिच्या हातून 600 मिलिमीटरच सरले असते. प्रत्यक्षात बहुतेक पाऊस दुपारनंतरच्या काही तासांतच कोसळला, आणि समुद्राला भरती आलेली होती. विहार व पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत जाणाऱ्या मिठी नदीचे पात्र भराव, अतिक्रमणे आणि गाळ यांनी आधीच आकसले होते. विमानतळाच्या हद्दीत तर ते धावपट्टीखालून वळवलेले. वाकोला नाला याच मिठीला मिळत असल्यामुळे नदी तुंबली की त्याचे पाणी उलटे फिरून कलिना-वाकोल्यात शिरते, आणि रुळांखालून खोलगट जाणारा मिलन सबवे तळ्याचे रूप घेतो.

ताशी 50 मिलिमीटरची क्षमता सुचविणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल 1993 सालीच तयार झाला होता. प्रलयानंतर सरकारने नेमलेल्या माधवराव चितळे समितीनेही कारणांची सविस्तर छाननी केली. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यांत आराखडे सक्तीचे झाले, उदंचन केंद्रे उभी राहिली, आणि 2020 पासून पुराची पूर्वसूचना देणारी यंत्रणाही कार्यान्वित झाली. या तरतुदी मोलाच्या खऱ्या. तथापि कोणत्या गल्लीत पाणी प्रथम चढते, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, हा तपशील वरून उतरणाऱ्या नकाशात सहसा येत नाही. तो रहिवाशांकडे असतो.

तेव्हा वाचकांना विनंती इतकीच, की येत्या पावसाळ्यात आपल्या गल्लीत पाणी कोठे, किती वाजता आणि किती उंचीपर्यंत चढले याची तारीखवार नोंद ठेवावी, आणि ती महापालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी देऊन तिची पोच घ्यावी.